खुबा निखळतो कसा, आणि बसवतात कसा

"पोर चालणारच नाही, मग खुब्याचं ऑपरेशन कशाला?" सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांच्या घरात हा प्रश्न कधी आजोबा विचारतात, कधी शेजारी, आणि कधी कधी डॉक्टरसुद्धा. प्रश्न गैर नाही. बारामतीहून इंदापूर रस्त्याला लागलं की काटेवाडीच्या अलीकडे पिंपळी येतं. तिथल्या एखाद्या घरानं मुलाला पुण्याला नेऊन ऑपरेशन करायचं म्हणजे शंभरेक किलोमीटरची वाट, एमआयडीसीतल्या पाळीचे किंवा रानातल्या कामाचे बुडालेले दिवस, उसनवारी, आणि परत आल्यावर कित्येक आठवडे खाटेवर पडून असलेलं पोर. एवढा खटाटोप करून ते चालणार नसेल तर करायचा का? उत्तर बहुतेकदा 'हो' असं आहे. ते का, हे कळायला खुब्यात नेमकं काय बिघडतं ते आधी पाहावं लागतं.

सेरेब्रल पाल्सी, म्हणजे आपण सगळे ज्याला 'सीपी' म्हणतो ते, मेंदूच्या इजेतून येतं. अपुऱ्या दिवसांचा जन्म, जन्मताना गुदमरणं, डोक्यात चढलेली कावीळ, तान्हेपणी झालेला मेंदूज्वर अशी कारणं अनेक. भारतात हजार मुलांमागे सुमारे तीन मुलांना सीपी असतो असा अंदाज आहे. मेंदूतली इजा पुढे वाढत नाही. वाढतो तो तिचा परिणाम. ज्या स्नायूंना चुकीचे हुकूम जात राहतात ते आखडत जातात आणि त्या स्नायूंना जोडलेली हाडं मुलाच्या वाढीबरोबर वाकडी होत जातात.

सीपी किती गंभीर आहे हे सांगायला जगभर पाच पायऱ्यांची एक मोजणी वापरतात. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात ती १९९७ साली तयार झाली. पहिल्या पायरीचं मूल धावतं, जिना चढतं, जरासं अडखळतं इतकंच. चौथ्या पायरीचं मूल आधाराने बसतं, फिरायला खुर्ची लागते. पाचव्या पायरीवर मानसुद्धा नीट सावरत नाही. हा लेख मुख्यतः चौथ्या आणि पाचव्या पायरीवरच्या मुलांबद्दल आहे, कारण खुब्याचा खरा धोका त्यांना आहे. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात एका ठरावीक काळात जन्मलेल्या सीपीच्या मुलांचे खुबे तपासले गेले आणि तो अभ्यास २००६ साली छापून आला. एकूण मुलांत सुमारे ३५ टक्क्यांचा खुबा जागेवरून सरकलेला होता. पण पायरीनुसार पाहिलं तर चित्र फारच वेगळं: पहिल्या पायरीवर एकही नाही, पाचव्या पायरीवर शंभरात नव्वद.

म्हणजे जे मूल उभंच राहत नाही, त्याचाच खुबा निखळतो. वरवर हे उलटं वाटेल, पण कारण त्यातच आहे.

खुबा म्हणजे कमरेच्या हाडातली वाटी आणि तिच्यात फिरणारा मांडीच्या हाडाचा गोळा. जन्मतः वाटी उथळ असते. मूल रांगतं, उभं राहतं, चालतं, तसा गोळा वाटीत दाबला जातो आणि मुसळाच्या घावांनी उखळ खोलावं तशी वाटी खोल होत जाते. त्याच काळात मांडीच्या हाडाची मानही बदलते. बाळाच्या हाडाची मान बरीच उभी आणि पुढे पिळलेली असते. चालण्याच्या वयात ती हळूहळू आडवी होते, पीळ उतरतो. गंभीर सीपीत यातलं काहीच नीट होत नाही. वजन पायांवर येत नाही म्हणून मान उभी आणि पिळलेलीच राहते. मांड्या आत ओढणारे जांघेतले स्नायू आणि मांडी पोटाकडे वळवणारा स्नायू सतत ताठ असतात, तर मांडी बाहेर नेणारे स्नायू कमजोर. चोवीस तास एकाच दिशेची ही ओढ. गोळा मागे आणि वर सरकू लागतो, वाटीची बाहेरची कड त्याच्या घासणीने बसकी होते, आणि कड बसकी झाली की गोळ्याला अडवायला काही उरत नाही.

इथे एक गैरसमज दूर करतो. जन्मानंतर डॉक्टरांनी पाय फिरवून पाहिले आणि 'खुबा ठीक आहे' असं सांगितलं, तर ते खरंच होतं. सीपीच्या मुलाचा खुबा सहसा जन्मतः चांगलाच असतो. तो पुढच्या वर्षांत, घरच्यांच्या डोळ्यांदेखत आणि तरीही कुणाला न कळता सरकतो. कुणाचीही हयगय नसते. सुरुवातीला दुखत नाही, म्हणून मूल रडत नाही.

आईला मात्र काही खुणा आधी जाणवतात. कडेवर घेताना पोराचे पाय फाकत नाहीत. लंगोट बदलताना मांड्यांमधून हात घालायला जागा होत नाही. निजल्यावर दोन्ही गुडघे एकाच बाजूला कलतात. एक गुडघा दुसऱ्यापेक्षा खाली दिसतो. यातली एकही खूण दिसली तर तपासणी लांबवू नये. पण खुणा नाहीत म्हणून निर्धास्तही राहू नये, कारण पाय बरे फाकत असूनही गोळा निम्मा बाहेर गेलेला असू शकतो. हाताने तपासून हे कळत नाही. त्याला फोटोच लागतो.

फोटो, म्हणजे एक्स-रे. एवढी साधी गोष्ट, पण ती नीट काढली तरच कामाची. मूल उताणं, कंबर सरळ, दोन्ही गुडघ्याच्या वाट्या छताकडे. पाय आखडलेले असतील तर गुडघ्यांखाली उशी देऊन कमरेची कमान सपाट करावी लागते. कंबर तिरकी राहिली तर माप चुकतं, आणि पुढच्या वेळी खुबा सरकला की नुसती निजण्याची ढब बदलली, हे सांगता येत नाही. त्यामुळे फोटो काढताना आई-बापाने शिशाचा एप्रन घालून मुलाला धरावं, हे योग्यच आहे. तंत्रज्ञाने हाकललं तरी शांतपणे तसं सांगावं.

आता माप. वाटीच्या बाहेरच्या कडेपासून सरळ खाली एक उभी रेघ काढतात. गोळ्याचा जो भाग या रेघेच्या बाहेर येतो, तो गोळ्याच्या एकूण रुंदीच्या किती टक्के आहे हे मोजतात. समजा गोळा ४० मिलिमीटर रुंद आहे आणि त्यातला १६ मिलिमीटर रेघेबाहेर आहे, तर खुबा ४० टक्के सरकला. डेन्मार्कचे डॉक्टर रायमर्स यांनी १९८० साली ही पद्धत मांडली आणि आजही सगळे निर्णय याच आकड्यावर होतात. ३० टक्क्यांच्या पुढे गेला तर खुबा धोक्यात. ४० च्या पुढे हाडांच्या डॉक्टरांना दाखवायलाच हवं. निम्म्याहून बराच अधिक सरकलेला खुबा आपोआप परत येत नाही. १०० टक्के म्हणजे पूर्ण निखळला. रिपोर्टावर हा आकडा लिहिलेला नसेल तर विचारून लिहून घ्यावा. 'थोडं सरकलंय' या शब्दांवर पुढे काहीच ठरवता येत नाही.

स्वीडनच्या दक्षिण भागात १९९४ पासून सीपीच्या प्रत्येक मुलाची ठरावीक काळाने अशी तपासणी होऊ लागली. त्याआधी तिथे शंभरातल्या आठ-दहा मुलांचा खुबा पूर्ण निखळत असे. तपासणी सुरू झाल्यावर ते प्रमाण शंभरात एकाच्याही खाली आलं. नवं औषध सापडलं नव्हतं, नवं यंत्र आलं नव्हतं. फोटो वेळेवर निघाले आणि ऑपरेशनं वेळेवर झाली, बस्स. आपल्याकडे इंडियन अकॅडमी ऑफ सेरेब्रल पाल्सी आणि पीडियाट्रिक ऑर्थोपेडिक सोसायटी ऑफ इंडिया या संस्थांनी भारतासाठी तपासणीची सूत्रं आखली आहेत. मुंबईचे डॉ. अलारिक अरूजिस आणि डॉ. अशोक जोहारी यांनी या विषयावर सातत्याने लिहिलं आहे. ढोबळ नियम असा: दोन वर्षांच्या आतबाहेर पहिला फोटो, मग गंभीर मुलांचा दर सहा ते बारा महिन्यांनी, आणि हाडांची वाढ थांबेपर्यंत खंड नाही. फोटो कुठेही काढता येतो. तो वाचायला मात्र मुलांच्या हाडांचे डॉक्टर हवेत.

ऑपरेशनं तीन जातीची आहेत. कुठलं करायचं हे मुलाचं वय आणि तो आकडा ठरवतो.

पहिलं लहान. जांघेतल्या आखडलेल्या स्नायूंचे कंडरे कापून ढिले करायचे. चिरा छोट्या, हाडाला हात नाही, काही दिवसांत घरी. लहान वयात, खुबा थोडाच सरकलेला असताना करतात. आई-बापांना हेच आवडतं, आणि डॉक्टरलाही ते सुचवायला सोपं जातं. पण इथे स्पष्ट बोललं पाहिजे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात या ऑपरेशननंतर पुढे मोठं ऑपरेशन लागलं नाही आणि खुबा टिकला, असं दुसऱ्या पायरीवरच्या ९४ टक्के मुलांत झालं. पाचव्या पायरीवरच्या फक्त १४ टक्के मुलांत. म्हणजे ज्यांना सगळ्यात जास्त गरज, त्यांना हे सगळ्यात कमी पुरतं. तरी ते वाया जात नाही. मोठं ऑपरेशन दोन-तीन वर्षं पुढे ढकललं गेलं तर तेवढ्यात मूल मोठं होतं, हाड भरतं, लंगोट बदलणं सोपं होतं. 'एवढ्याने काम झालं' असं मात्र कुणी सांगितलं तर पुढच्या फोटोची तारीख लगेच विचारून घ्यावी. बोटॉक्सच्या इंजेक्शनांचंही तसंच: स्नायू काही महिने सैल पडतात, पण त्याने आणि मांड्या फाकवून ठेवणाऱ्या पट्ट्याने खुबा सरकणं थांबत नाही, हे दीर्घ अभ्यासात दिसलं आहे.

दुसरं ऑपरेशन म्हणजे खुबा नव्याने बसवणं. साधारण चार-पाच वर्षांपासून दहाच्या आतबाहेर, गोळा अजून गोल असताना. जांघेतले स्नायू आधी ढिले करतात. मग मांडीचं हाड मानेच्या खाली कापतात. उभी राहिलेली मान खाली कलवतात, पुढे आलेला पीळ उलटा फिरवतात, आणि हाडाचा दोनेक सेंटिमीटरचा तुकडा काढून ते थोडं आखूड करतात. आखूड केल्याने सगळे ताठलेले स्नायू एकदम सैल पडतात. चालणाऱ्या मुलात मान फार कलवत नाहीत, कारण नंतर चाल बिघडते. न चालणाऱ्यात शंभर-एकशेदहा अंशांपर्यंत बिनधास्त कलवतात; बसताना गोळा वाटीत घट्ट राहणं महत्त्वाचं. मग धातूची पट्टी आणि स्क्रूंनी हाड पक्कं करतात.

गोळा वाटीत आला तरी वाटीची कड बसकी झालेलीच असते. म्हणून त्याच वेळी कमरेच्या हाडात वाटीच्या वर एक काप घेतात, पण आरपार नाही. खालचा भाग वाकवून गोळ्यावर छपरासारखा खाली आणतात. पोलंडच्या विक्टर डेगा यांच्या नावाने हा काप ओळखला जातो. सीपीसाठी त्यात पुढे अमेरिकेत सुधारणा झाल्या. वाकवल्यावर जी फट उरते तिच्यात पाचर हवी, आणि ती बाहेरून आणावी लागत नाही. मांडीच्या हाडातून काढलेला तुकडाच तिथे ठोकून बसवतात. शस्त्रक्रियेतली ही काटकसर मला फार आवडते.

एका बाजूचा खुबा बसवला की दुसरा पुढे सरकण्याची शक्यता मोठी असते. म्हणून सर्जन पुष्कळदा दोन्ही बाजू एकाच भुलीत करतात. कित्येक तासांचं काम, रक्त द्यावं लागू शकतं. त्यामुळे ऑपरेशनच्या तारखेइतकीच आधीची तयारी महत्त्वाची. गंभीर सीपीचं मूल बहुधा बारीक असतं, गिळायला त्रास होतो, छातीत कफ भरतो, फिट येतात. हाडंही ठिसूळ, कारण वजन पडलेलं नाही, ऊन मिळालेलं नाही, आणि फिटच्या काही गोळ्या हाडांना हानिकारक. हिमोग्लोबिन, व्हिटॅमिन डी, वजन आणि छाती आधी सुधारावी लागते. त्यासाठी दोन महिने गेले तर जाऊ द्यावेत. फिटच्या गोळ्या ऑपरेशनच्या सकाळीसुद्धा चुकवायच्या नसतात. पोट रिकामं ठेवायचं असतं तरी थोड्या पाण्याबरोबर त्या द्यायच्या का, हे भूलतज्ज्ञांना आदल्या दिवशीच विचारून ठेवावं.

ऑपरेशननंतर पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात कठीण. हाडाचं दुखणं असतंच, वर स्नायूंचे झटके येतात, आणि प्रत्येक झटका नवं दुखणं घेऊन येतो. म्हणून नुसतं वेदनाशामक पुरत नाही. पाठीतल्या नळीतून बधिरता देतात, झटक्यांचं औषध वेगळं देतात. न बोलणारं मूल कुठे दुखतं ते सांगू शकत नाही. त्याचा चेहरा वाचायला आईइतकं तरबेज कुणी नाही, तेव्हा आईने नर्सला पुन्हा पुन्हा सांगायला लाजू नये.

पूर्वी छातीपासून पायापर्यंत प्लास्टर ठरलेलंच असे. आता पट्ट्या मजबूत असल्याने पुष्कळ ठिकाणी दोन पायांत फोमची त्रिकोणी उशी बांधून भागवतात. प्लास्टर असेल तर घरी आल्यावर काम वाढतं: दर दोन-तीन तासांनी कूस बदलणं, कडेखालची कातडी बॅटरी लावून पाहणं, लघवीने प्लास्टर भिजू न देणं. बद्धकोष्ठ होतंच, त्याचं औषध पहिल्या दिवसापासून. पर्याय असेल तर आपल्या भागात एप्रिल-मे टाळावा. त्या उकाड्यात प्लास्टरमधलं मूल आणि त्याची आई दोघंही हैराण होतात. प्लास्टर निघाल्यावरचे पहिले काही आठवडेही जपायचे असतात, कारण पडून राहून हाड आणखी कच्चं झालेलं असतं आणि लंगोट बदलताना जोरात पाय ओढला तरी गुडघ्याजवळ मोडू शकतं. उचलताना एक हात मांडीखाली, एक पाठीखाली. जोर लावून व्यायाम नको.

तिसऱ्या जातीची ऑपरेशनं उशीर झालेल्यांसाठी. मूल बारा-पंधरा वर्षांचं किंवा मोठं माणूस झालेलं आहे, गोळा पूर्ण बाहेर, त्याची गोलाई गेलेली, कूर्चा झिजलेली. तो आता वाटीत बसवून उपयोग नाही. इथे आधी एकच गोष्ट पाहायची: दुखतं का? निखळलेला प्रत्येक खुबा दुखत नाही. न दुखणारा, बसणं आणि स्वच्छता न अडवणारा खुबा तसाच ठेवणं हा पूर्ण समंजस निर्णय आहे. दुखत असेल तरी ते खुब्याचंच आहे याची खात्री करावी, कारण किडलेली दाढ, पोटातलं आम्ल आणि साठलेला मळ यांनीही मूल तसंच कण्हतं. खुब्यात बधिर करणारं इंजेक्शन देऊन पाहतात. त्याने मूल शांत झालं तर दुखणं तिथलंच.

मग पर्याय तीन. मांडीच्या हाडाचं वरचं टोक कापून काढायचं आणि मध्ये स्नायूंची गादी शिवायची. १९७८ मध्ये कॅसल यांनी मांडलेली ही पद्धत. किंवा फक्त गोळा काढून हाड बाहेर वळवायचं, म्हणजे मांड्या फाकतात. ही मॅकहेल यांची, १९९० ची. किंवा निवडक रुग्णांत कृत्रिम सांधा. पहिल्या दोन्हींत दुखणं लगेच जात नाही. सहा महिने, कधी त्याहून जास्त लागतात. कापलेलं हाड पुन्हा वर सरकतं, आसपास नको ती हाडं वाढतात, दुसऱ्यांदा ऑपरेशन लागू शकतं. बऱ्याच घरांना शेवटी आराम मिळतो, मूल खुर्चीत बसतं, रात्री झोपतं. पण दहा वर्षं आधी एक फोटो निघाला असता तर हे टळलं असतं, हे मुलांच्या हाडांच्या विभागातले सगळे जाणतात.

म्हणून सुरुवातीच्या प्रश्नातल्या 'चालणं' या मापाने हे ऑपरेशन मोजू नये. टोरांटोत या मुलांसाठी एक प्रश्नावली बनवली आहे. तिच्यात चालण्याला फारशी जागा नाही. कपडे बदलताना त्रास होतो का, खुर्चीत किती वेळ बसवतं, झोप लागते का, दुखतं का, असे प्रश्न आहेत. सरळ बसलेलं मूल नीट जेवतं, त्याचा पाठीचा कणा कमी वाकतो, त्याला खुर्चीवरून देहूची पालखी काटेवाडीकडे जाताना दिसते. आणि त्याला उचलणाऱ्या आईची पाठ वाचते. तेवीस किलोचं पोर न्हाणीत नेणं काय असतं ते तिलाच विचारा.

खर्चाचं. सीपी हा २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांपैकी एक आहे, त्यामुळे दिव्यांगांचं युडीआयडी कार्ड काढून घ्यावं. नॅशनल ट्रस्टच्या निरामय विम्यात वर्षाला एक लाखापर्यंत उपचार मिळतात, त्यात फिजिओथेरपीही येते. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. आपलं ऑपरेशन तिच्यात बसतं का ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला तारीख घेण्याआधीच विचारावं. शाळा-अंगणवाडीत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला मूल दाखवलं तर पुढची चिठ्ठी मिळते. पण जे मूल घराबाहेरच पडत नाही ते त्या पथकाला दिसत नाही, तेव्हा आशाताईंना घरी बोलवावं. मूल अठरा वर्षांचं झालं की त्याच्या वतीने संमती देण्यासाठी कायदेशीर पालकत्व लागू शकतं. तो अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे करतात. आणि हाडवैद्याकडून ओढून सांधा बसवून घेऊ नये. वाटीच उथळ असेल तर ओढून काही बसत नाही, उलट ठिसूळ हाड मोडतं.

तुमच्या घरात, भावकीत किंवा गल्लीत न चालणारं सीपीचं मूल असेल आणि गेल्या वर्षभरात त्याच्या खुब्याचा फोटो निघाला नसेल, तर या महिन्यात काढा. बारामतीतही निघतो. जुन्या सगळ्या फिल्म तारखेसह एका पिशवीत ठेवा आणि डॉक्टरांकडे जाताना ती पिशवी घेऊन जा.